उंबऱ्यापर्यंतचा बाण

लुंबिनीला फोन आला तेव्हा ती नांदेडला वजिराबादेतल्या एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानात पिवळ्या रंगावरून हुज्जत घालत उभी होती. तिला हवा होता हळदीचा पिवळा आणि यंत्रातून निघत होता लिंबाचा. दुकानदार म्हणत होता, पिवळा तो पिवळा मॅडम, रस्त्यावरून एवढं कोण बघतंय. आणि ती त्याला शांतपणे सांगत होती की मी बघतेय, आणि माझ्यानंतर मोतीबिंदूवाली माणसं बघणार आहेत. एवढ्यात लातूरहून वर्षाराणी बोलू लागली. औसा रस्त्यावर स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांचं जे केंद्र आहे तिथं ती काळजीवाहक होती, आणि त्या केंद्रातल्या झाडून सगळ्या पाट्या, बाण आणि रंगीत पट्टे लुंबिनीनं केले होते. "ताई," वर्षाराणी म्हणाली, "तुमची जेवणाची पाटी चालेना झालीय बघा." लुंबिनीला आधी हसू आलं. नऊ वर्षांत लोकांनी तिला अक्षरं फार मोठी म्हटलं होतं, रंग भडक म्हटलं होतं, एका डॉक्टरनं तर या पाट्या अडाण्यांसाठी वाटतात म्हणून तोंड वाकडं केलं होतं. पण पाटी चालत नाही असं अजून कुणाच्या बापाची म्हणायची हिंमत झाली नव्हती. "कुणाला चालत नाही?" तिनं विचारलं. "पंचफुलाबाईला. आधी सगळी मधल्या हॉलात जेवायची तवा काही नव्हतं. नवी जेवणाची खोली सुरू झाली त्याला अकरा दिवस झाले, त्या आत पाऊलच टाकून नाही राहिल्या. दारापर्यंत येतात आन् थांबतात. सर म्हणून राहिले की त्यांना आता दार वळखू येत न्हाई. सोमवारी वरच्या मजल्यावर हलवायचं ठरलंय." वरचा मजला म्हणजे काय ते लुंबिनीला ठाऊक होतं. काम ठरलं त्या दिवशी केंद्राचे व्यवस्थापक सिद्धेश्वर सर यांनी इमारतीच्या नकाशावर त्या मजल्यावरून पेनानं एक आडवी रेघ मारली होती आणि म्हटलं होतं, हा सोडून द्या, तिथली माणसं खाटेवरून उठत नाहीत. पायांनी चालत वर गेलेलं माणूस पायांनी खाली आलेलं वर्षाराणीनं एकदाही बघितलं नव्हतं. फ्लेक्सवाल्यानं लिंबाचा पिवळा पुन्हा एकदा पुढं केला, आणि लुंबिनीनं काही न बोलता तो घेतला, ही गोष्ट तिच्या रिक्षात बसल्यावर लक्षात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लातूर गाडीत खिडकीशी बसून ती आपल्या पाटीची उलटतपासणी घेऊ लागली. पाटी निर्दोष होती याबद्दल तिला शंका नव्हती. शंका घेणं हा तिच्या कामाचा भाग होता म्हणून ती घेत होती, एवढंच. ते काम हाती घेतलं तेव्हा चार दिवस ती त्या केंद्रात नुसती राहिली होती. म्हाताऱ्यांबरोबर बसली, त्यांच्या चालीनं चालली, पाठीत वाकून व्हरांडा मोजला. वाकलेल्या माणसाची नजर वर जात नाही, म्हणून तिनं सगळ्या पाट्या छातीच्या उंचीवर आणल्या, आणि सुतार म्हणाला की ही काय शाळेतल्या पोरांची उंची आहे, तर ती म्हणाली, बरोबर ओळखलंत. खोल्यांपासून, तेव्हा अजून बांधून होत असलेल्या जेवणाच्या खोलीच्या दारापर्यंत भिंतीवर हळदी रंगाचा एक पट्टा ओढला आणि दर आठ पावलांवर त्याच रंगाचा बाण. जेवणाच्या पाटीवर काटा-चमच्याची खूण न टाकता घरच्या स्टीलच्या ताटाचा फोटो टाकला : ज्वारीची भाकरी, वरण, फोडलेला कांदा, मिठाची चिमूट. शब्दांवरून सिद्धेश्वर सरांशी तिची चांगलीच जुंपली होती. त्यांना हवं होतं 'भोजनकक्ष' आणि 'प्रसाधनगृह'. ती म्हणाली, सर, तुमच्या आईला पोटात कळ आली तर ती प्रसाधनगृह कुठं आहे म्हणून विचारेल का? सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, लिहा, संडास लिहा. त्या पाट्या लागल्यावर पंधरा दिवसांत अंथरुणं ओली होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि ज्या दिवशी वर्षाराणीनं हे फोनवर सांगितलं त्या दिवशी लुंबिनी नांदेडात स्कूटरवर गाणं म्हणत फिरली होती. मग आता काय बिनसलं? लोहा मागे पडलं. दारातलं पायपुसणं काळं असेल, तिला वाटलं. काळं पायपुसणं या माणसांना खड्ड्यासारखं दिसतं, तिथं ती हटकून थबकतात. हेच असणार. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली तोवर तिनं वर्षाराणीला विचारलंही, आणि वर्षाराणी म्हणाली, हाव ताई, काळंच हाय. लुंबिनीनं समाधानानं चहा मागवला. चहा घेताना तिला वडिलांची आठवण आली, कारण अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेतला आणि त्यांची आठवण आली नाही असं कधी झालं नाही.

आनंदराज, म्हणजे तिचे वडील, जमीन मोजणी खात्यात होते. तीस वर्षं त्यांनी लातूर जिल्ह्यातल्या लोकांचे बांध मोजले. दिशांचं तिचं सगळं ज्ञान त्यांच्याकडून आलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तिला मोजणीला बरोबर नेत, साखळीचं एक टोक तिच्या हातात देत आणि सांगत की पाहिजे तिथं जा, पण मला मागं वळून न बघता सांग, आपण कुठून आलो. ती सांगे. कधी चुकली नाही. मुरुडकडच्या एका गावात, ती आठ-नऊ वर्षांची असेल, मोजणी संपवून ते शेतमालकाच्या दाराशी आले होते. ऊन असं होतं की चप्पल भाजत होती. मालकीण म्हणाली, पोरीला तहान लागली असंल, आणि लुंबिनी कुणाची वाट न बघता सुसाट आत गेली, माजघरातून थेट रांजणापर्यंत, पोटभर पाणी प्यायली आणि तोंड पुसत बाहेर आली, तर बाबा अंगणातच उन्हात उभे. साखळी गुंडाळत. त्यांना चहा बाहेरच आला. त्यांनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढला, चहा त्यात ओतून घ्यायला पुढं केला आणि म्हणाले, आपला ग्लास बरा असतो. तिला बाबांचं कौतुक वाटलं होतं. किती टापटीप, किती संकोची, आणि मी बघा, कुठंही घुसते. मोठेपणी मुलाखतींत तिनं ही गोष्ट दोनदा सांगितली होती, आपल्याला वाटा सापडतात कशा ते सांगायला. गाडी चाकूर सोडून लातूरकडे निघाली तेव्हा ती पायपुसण्याच्या जागी कोणत्या रंगाचं पायपुसणं टाकावं याचा विचार करत होती.

पायपुसणं तिनं आल्याआल्या उचलून टाकलं. जेवणाची खोली देखणी झाली होती. कुणा देणगीदारानं सागवानी चौकट दिली होती, तिला शोभेसा रुंद उंबरा, त्यावर हळदकुंकवाची बोटं. दाराबाहेर व्हरांड्यात चपलांचा रॅक. साडेबाराला वर्षाराणीनं घंटी वाजवली आणि लुंबिनी भिंतीला टेकून व्हरांड्याच्या टोकाकडे बघत राहिली. सगळ्यांत आधी आल्या त्या पंचफुलाबाईच. बारीक अंगाच्या, पांढरी साडी, केस चापून बसवलेले, हातात आपल्या खोलीतली रिकामी ताटली. भिंतीवरच्या पट्ट्यावर त्या एक बोट टेकवून येत होत्या, जशी पोरं पाटीवरचं अक्षर गिरवतात तसं, आणि प्रत्येक बाणापाशी बोट क्षणभर थांबत होतं. कुठंही चुकल्या नाहीत. पाटीशी आल्या. तिच्याकडे बघितलं आणि वर्गात वाचावं तशा खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं, "जेवण."  हीच ती बाई, जिच्यासाठी पाटी चालत नव्हती. मग पंचफुलाबाई दोन पावलं बाजूला झाल्या, पायांतल्या चपला चार हात लांब सारल्या, रॅकच्या कोपऱ्यात भिंतीला अंग चोरून उभ्या राहिल्या आणि थांबल्या. पायपुसणं नव्हतं. खड्डा नव्हता. बाकीची माणसं एकेक करून येत होती, आत जात होती. वर्षाराणीनं त्यांच्या कोपराला हात लावून म्हटलं, "चला आज्जी, आत बसू," तर चटका बसावा तसा त्यांनी कोपर काढून घेतला. "न्हाई माय," त्या म्हणाल्या. "हितंच वाढा." वर्षाराणी लुंबिनीकडे वळून हळूच म्हणाली, "पहिल्या दिवशी मी हितंच वाढलं हो ताई, जेवल्या पन. पर सर रागावले. म्हणाले, पाहुण्या माणसानं बघितलं तर काय म्हणंल, भिकाऱ्यावानी बसवलंय म्हणून. आता ताट खोलीत नेते मागून, तर दोन घास बी खाईनात. तीन किलो वजन उतरलंय. हैदराबादला ल्योक हाय, त्याला फोन केला तर म्हणतो, तुम्हाला योग्य वाटंल ते करा."

पुढचं घडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. आत, दारासमोरच्या पहिल्या टेबलाशी, केवळाबाई बसत. औशाकडच्या मोठ्या कुणब्याच्या घरातल्या, पंचाऐंशीच्या, गोऱ्या, ठसठशीत, आणि आपण आपल्याच घरात बसलो आहोत अशी त्यांची पक्की समजूत. त्यांच्या दृष्टीनं सिद्धेश्वर सर म्हणजे धान्य मोजणारा कारभारी आणि वर्षाराणी म्हणजे धाकटी सून. त्यांनी दाराबाहेर बघितलं, पंचफुलाबाईंना बघितलं, आणि चेहऱ्यावर जराही राग नाही, उलट मायाच, अशा आवाजात वर्षाराणीला म्हणाल्या, "अगं, दारात बाई आलीया. दे तिला भाकर. वरूनच टाक, शिवू नगंस." आणि बाहेर पंचफुलाबाईंनी ताटली पुढं केली. दोन्ही हातांनी, लांब, खाली धरून, मान वळवून. वरून टाकलेली भाकरी नेमकी पडावी आणि कुणाचं बोट कुणाला लागू नये अशी. इतका वेळ ताणलेला त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. जे ऐकायला त्या उभ्या होत्या ते ऐकू आलं होतं. त्या सगळ्या इमारतीत, सून कोण आणि लेक कोण हे विसरलेल्या बत्तीस माणसांत, आपण कुठं आहोत हे बरोबर कळलेल्या याच दोघी होत्या.

 लुंबिनीनं ही ताटली धरायची पद्धत कधी पाहिली नव्हती, घरात कुणी कधी सांगितली नव्हती, आणि तरी तिला ती ओळखीची होती, कारण बाबांनी चहाचा ग्लास असाच पुढं केला होता. दोन्ही हातांनी, लांब, खाली धरून. कार्यालयात जाऊन तिनं पंचफुलाबाईंची फाईल मागवली आणि उभ्याउभ्या वाचली. वय ब्याऐंशी. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा. धर्म बौद्ध. तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली : छप्पन साली तेरा वर्षांच्या. तेरा वर्षांपर्यंत गावकीची भाकरी मागायला आईबरोबर दारोदार गेलेली पोर, मग त्या वर्षी धम्म घेऊन सगळ्या वस्तीनं ती भाकरी थांबवली, आणि ही शाळेत गेली, बाई झाली, अडतीस वर्षं खुर्चीत बसली, हिनं किती पोरांना बाराखडी घोटून घोटून शिकवली असेल. हिच्या घरी लोक विचारून आत आले असतील. आणि आता आजार एकेक वर्ष सोलत सोलत मागं गेला होता आणि तिला नेऊन त्या दारात उभं केलं होतं. लुंबिनीला राग आला. कुणाचा, ते धरता येईना. केवळाबाईंचा धरावा तर दुपारी त्या म्हातारीनंच तिला जवळ बोलावलं, तिचा गाल कुरवाळला आणि म्हणाल्या, "कुणाची गं तू? लई गुणाचं लेकरू दिसतंस." आणि लुंबिनीला, जी कुठंही घुसते, जी डॉक्टरांना आणि सुतारांना गप्प करते, कुणाची ते सांगता आलं नाही. सांगितलं तर हा हात गालावरून निघेल का, हे तिला बघायचं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या हाताची ऊबही वाटली.

व्हरांड्याच्या पायरीवर बसून तिनं नांदेडला वडिलांना फोन लावला. ते निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, बहात्तरीचे, अजून गट नंबर तोंडपाठ. "बाबा, मुरुडकडं आपण मोजणीला गेलो होतो, मी आत जाऊन पाणी प्यायले होते, आठवतं?" "आठवतं की. गट नंबर दोनशे चार. पूर्वेच्या बांधाचा वाद होता." "तुम्ही आत का नाही आलात?"  "पाय चिखलाचे होते," बाबा म्हणाले. "बाबा, उन्हाळा होता."  मग ते म्हणाले, "मग धुळीचे असतील." आणि जरा वेळानं, वेगळ्याच आवाजात, "तू आत गेलीस ना. मला तेवढं बास होतं. मी मनात म्हणलं, हिला कुणी सांगितलेलं न्हाई, आपून बी सांगायचं न्हाई." लुंबिनीनं फोन ठेवला आणि बराच वेळ समोरच्या कडुलिंबाकडे बघत बसली. म्हणजे तिचा हा जो डौल होता, बिनदिक्कत चालत जाण्याचा, ज्याच्या जोरावर ती लोकांना वाटा दाखवत होती, तो तिचा एकटीचा नव्हता. एक माणूस उन्हात उभा राहिला होता म्हणून तो तिला मिळाला होता. आणि त्या डौलात ती एक गोष्ट सरसकट धरून चालली होती : की दार दिसलं की माणूस आत येतो. पाटी दार कुठं आहे ते सांगते. ते कुणासाठी उघडं आहे हे पाटीला सांगता येत नाही. तिच्या बाणांनी पंचफुलाबाईंना एक पाऊलही न चुकवता उंबऱ्यापर्यंत आणून सोडलं होतं. एवढं अचूक काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्याचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. पण हे फार वेळ टिकलं नाही. काही न सुचण्याची तिला सवय नव्हती. तिनं पिशवीतून टेप काढली आणि व्हरांडा मोजायला सुरुवात केली.

सिद्धेश्वर सर माणूस वाईट नव्हता. तिनं सगळं सांगितल्यावर ते आधी म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं असलं काही पाळत नाहीत," आणि ती म्हणाली, "तुम्ही पाळत नाही सर. पाळतात त्या दोघी. आणि त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही, कारण उद्या तो वाद त्यांना आठवणार नाही, दार मात्र आठवेल."  मग सर आपल्या परीनं मार्ग काढायला लागले. केवळाबाईंना मागच्या टेबलाशी बसवायचं का? दारावर बुद्धाचा फोटो लावू का? की मोठ्या अक्षरांत लिहायचं, सर्वांना प्रवेश आहे? "अशी पाटी जिथं असते ना सर," लुंबिनी म्हणाली, "तिथं जायला मलाच भीती वाटते." सर ओशाळं हसले. "मग करायचं काय? मी ट्रस्टींना सोमवारचं कळवलेलं हाय." ती म्हणाली, "उद्या एक दिवस त्या खोलीत कुणाला वाढू नका. आत काही मांडू नका. बाकी माझ्याकडं लागलं." "आणि माणसं जेवणार कुठं?" "पंचफुलाबाई जिथं उभ्या राहतात तिथं." सरांनी चष्मा काढला, पुसला. "म्हणजे एकीला आत घेता येत न्हाई म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचं म्हणता?" "हो," लुंबिनी म्हणाली. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि उद्याचं स्वयंपाकघरात सांगायला उठले.

शनिवारी सकाळी तिनं स्वतःच्या हातानं, सुताराची वाट न बघता, चौकटीजवळची जेवणाची पाटी चार स्क्रू काढून उतरवली. भिंतीतली भोकं तिनं पुट्टीनं बुजवून टाकली. चपलांचा रॅक ओढत पार पायऱ्यांपाशी नेला. जिथं रॅकचा कोपरा होता, जिथं भिंतीचा रंग एका बारीक अंगाच्या पाठीनं इतक्या दिवसांत किंचित मळला होता, त्याच जागेच्या वर तिनं पाटी लावली. छातीच्या उंचीवरून आणखी दीड वीत खाली घेतली, बसलेल्या माणसालाही दिसावी म्हणून. हळदीचा पट्टा पूर्वी वळून दारात शिरत होता; तिनं तो तिथून पुसून सरळ पुढं, पाटीपर्यंत आणला आणि तिथून पुढं व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेला. खाली सतरंजी अंथरली. ज्यांचे गुडघे वाकत नव्हते त्यांच्यासाठी समोरच्या कठड्याशी खुर्च्या मांडल्या. पहिलं ताट पाटीखाली. पंगतीला तोंड कुठून लावायचं हे ज्याच्या हातात असतं त्याच्या हातात बरंच काही असतं, हे तिला लग्नांत जेवून जेवून माहीत होतं, आणि तिनं पंगतीचं तोंड त्या कोपऱ्यातून लावलं. वर्षाराणी घामाघूम होऊन म्हणाली, "ताई, आन् आल्याच न्हाईत तर?" "येतील," लुंबिनी म्हणाली. 

साडेबाराला घंटी झाली. पंचफुलाबाई आल्या, बोट भिंतीला टेकवून, बाणाबाणाला थांबत, हातात ताटली घेऊन. जिथं पट्टा पूर्वी आत वळत होता तिथं त्यांचं बोट जरा घुटमळलं आणि सरळ पुढं गेलं. पाटी समोर आली. "जेवण," त्यांनी वाचलं. मग खाली बघितलं. त्यांची रोजची जागा तिथंच होती, आणि तिथं ताट मांडलेलं होतं. त्या ताटाकडे बघत राहिल्या. लुंबिनी शेजारी सतरंजीवर आधीच बसली होती, मांडी घालून, ताट पुढ्यात घेऊन. तिनं वर बघितलं नाही, हात धरला नाही, या म्हटलं नाही. भाकरी मोडली आणि खायला लागली. दुसरीकडून दोन म्हातारे आले आणि बसले. एक बाई आली, बसली. पंगत पुढं पुढं भरत गेली. पंचफुलाबाईंनी आपली रिकामी ताटली भिंतीशी उभी करून ठेवली, साडीचा घोळ सावरला आणि आपल्या जागेवर बसल्या. वर्षाराणीनं वाकून भाकरी वाढली, ताटात, हातानं. त्यांनी ती बघितली. वरण वाढलं. त्यांनी कांद्याची एक पाकळी उचलली. पहिला घास बराच वेळ तोंडात घोळला, दुसरा लवकर गेला, आणि मग त्या भुकेल्या माणसासारख्या जेवू लागल्या. कार्यालयाच्या दारात सिद्धेश्वर सर उभे होते. ते वर्षाराणीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वरच्या खाटेचं राहू दे," आणि लगेच, कुणीतरी बघेल अशा घाईनं, परत आत गेले. लुंबिनीनं घास गिळला. डोळे भरून आले म्हणून ती उठली, हात धुतला आणि वरणाचं पातेलं घेऊन पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडे वाढायला गेली.

केवळाबाई राहिल्याच होत्या. त्या नेहमीच्या सवयीनं उघड्या दारातून खोलीत गेल्या होत्या आणि रिकाम्या टेबलाशी बसून सुनेला हाका मारत होत्या. कुणी ओ देईना तेव्हा त्या उठल्या आणि दाराशी आल्या. उंबऱ्याच्या आत उभ्या राहून त्यांनी बाहेर बघितलं. इतकी माणसं, एका ओळीत, जेवताहेत. ओळखीचं कुणी नाही. त्यांचं घर मागं रिकामं होतं आणि पुढं हे कुणाचं तरी कार्य चाललेलं. तो ठसठशीत चेहरा एकदम बारीक झाला, आणि त्यांनी चौकट घट्ट धरली. सगळ्या पंगतीत एकच जागा मोकळी होती, लुंबिनी उठली ती, पंचफुलाबाईंच्या शेजारची; वर्षाराणीनं तिथलं उष्टं ताट उचलून दुसरं मांडलं होतं. लुंबिनी पातेलं हातात धरून तिथंच थांबली. तिला वाटलं, आता म्हणतील ते. शिवू नगंस म्हणतील, आणि ही उठेल. वर्षाराणी पुढं व्हायला लागली तशी लुंबिनीनं तिला नजरेनंच थांबवलं. का थांबवलं, ते तिला नंतरही कुणाला सांगता आलं नसतं.

"काहो," केवळाबाई कुणालाच उद्देशून नाही अशा, भ्यालेल्या आवाजात म्हणाल्या, "कुणाचं घर हाय हे?"

पंचफुलाबाईंनी वर बघितलं. हातातला घास तसाच. वर्गाच्या दाराशी उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी केवळाबाईंकडे नीट बघून घेतलं, आणि शेजारचं ताट बोटानं जरा सरळ केलं.

"माझं हाय," त्या म्हणाल्या. "या, बसा."

 केवळाबाईंनी चौकट सोडली, पदर सावरला आणि उंबरा ओलांडून त्या पंचफुलाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.